तीन व्होल्टचा मळा

आमच्या घाटकोपरच्या भटवाडीत सगळ्यात घाबरट माणूस कोण, अशी स्पर्धा घेतली, तर सुबोध परुळेकर बिनविरोध निवडून येईल. पण तो अर्जच भरणार नाही. अर्जात खाडाखोड झाली तर काय घ्या!

वय शेहेचाळीस. स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतो. दिवसभर लोकांना विचारत असतो, "हे स्पष्ट दिसतंय की ते?" आणि स्वतःला मात्र आयुष्यात एकही गोष्ट स्पष्ट दिसलेली नाही. लिफ्टमध्ये एकटा चढत नाही. दुकान बंद केल्यावर कुलूप सात वेळा ओढून बघतो. लग्नासाठी एकदाच मुलगी बघायला गेला होता. "तुम्हाला काही विचारायचंय?" असं मुलीने विचारल्यावर घाबरून "चष्मा लागला आहे का?" एवढंच बोलला आणि चहा अर्धवट टाकून आला. त्यानंतर तो विषयच बंद.

अशा माणसाने छंद म्हणून निवडलं काय, तर जुने व्हिडिओ गेम. टीव्हीला जोडायचं यंत्र, त्याच्या खाचेत खुपसायच्या तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या कॅसेटी. आपल्या लहानपणी खेळ अडकला की कॅसेट काढून फुंकर मारायचो, त्या. तशा दोनशे बारा कॅसेटी त्याच्याकडे आहेत. ज्या गोदरेजच्या कपाटात इतर घरांत शालू आणि चांदीचं ताट असतं, त्या कपाटात या कॅसेटी. प्रत्येकीला वेगळी पिशवी आणि पिशवीत चपलांच्या खोक्यांतून जमवलेली दमट हवा शोषणारी पुडी. देवनारच्या भंगारवाल्याकडून त्याने ढेरपोट्या काचेचे दोन जुने टीव्ही आणलेत. एक खेळायला. दुसरा, पहिला गेला तर.

तो खेळतो आणि त्याचं चित्रण करून इंटरनेटवर टाकतो. चित्रणात त्याचा आवाज येतो, तोही घाबरलेलाच. "आता पुढे खड्डा आहे… जपून हं… आई गं!" मागे कुकरच्या शिट्ट्या. चारशे माणसं हे नियमित बघतात. दुसरा कोणी आपल्यापेक्षा जास्त घाबरतोय हे बघून माणसाला फार बरं वाटतं, असं माझं निरीक्षण आहे.

पण दोनशे बारांपैकी एक कॅसेट सुबोधची नाही. ती त्याच्या आईची, शेवंतीकाकूंची.

गुणाजीकाका, म्हणजे सुबोधचे वडील, परळच्या गिरणीत विणकर होते. गिरणी बंद पडली, इकडेतिकडे बदली कामं करून झाली, आणि शेवटी घाटकोपरची ही खोली घेण्यासाठी कुडाळकडचा मळा विकावा लागला. मळा काकूंच्या वाट्याचा. विकला तेव्हा काकू रडल्या नाहीत. या खोलीत आल्यावर तीन दिवस बोलल्या नाहीत, एवढंच. दोन वर्षांनी बोटीवर नोकरी करणारा सुबोधचा मामा कुठल्याशा बंदरातून टीव्हीचं यंत्र आणि शेतीचा एक खेळ घेऊन आला. सुबोध तेव्हा सतरा वर्षांचा. त्याला मारामारी हवी होती. "यार, यात नुसतं तण काढायचं!" म्हणून त्याने कॅसेट फेकली, ती काकूंनी उचलली.

खेळ म्हणजे एक ओसाड शेत. दगड फोडायचे, खोडं उपटायची, पेरायचं, पाणी घालायचं, गुरं पाळायची. शेताला नाव द्यायचं, पण इंग्रजी चारच अक्षरांत. काकूंना चौथीपर्यंतचं शिक्षण. त्यांनी सुबोधकडून चार अक्षरं शिकून घेतली आणि नाव लिहिलं: एम, ए, एल, ओ. मळो. गाईचं नाव तांबू बसेना, म्हणून तिची 'तांब' झाली.

तेव्हापासून जवळजवळ तीस वर्षं, दुपारी जेवणं आटोपली की दोन वाजता काकू मळ्यात जातात. "चला, पाणी घालूक व्हया," असं म्हणून खरोखर पदर खोचतात. गावच्या मळ्यात जिथे फणस होता, तिथे त्यांनी खेळातही कधी काही पेरलं नाही. "सावली पडता थंयसर."

आता भीतीची गोष्ट. या कॅसेटच्या पोटात रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. यंत्र बंद असताना मळा आठवणीत धरून ठेवायचं काम तिचं. तीन व्होल्टची बॅटरी. ती संपली की मळा, तांब, गोठा, सगळं पुसलं गेलं.

गेल्या मे महिन्यात सुबोधच्या कपाटातल्या तीन कॅसेटींच्या बॅटऱ्या एकामागोमाग मेल्या. सुबोधने काकूंची कॅसेट उघडून बॅटरी मोजली. काटा अडीचच्या जरा वर. तो माझ्याकडे आला तेव्हा मला वाटलं, घरात कोणीतरी गेलं.

"वाट लागली रे," तो म्हणाला. "आज जाईल, नाहीतर सहा महिन्यांनी. कळणारच नाही. ती दोन वाजता बटण दाबेल आणि…"



मळा संगणकावर उतरवून घेण्याचं यंत्र मिळतं, ते त्याने मागवलं. पण मामाची कॅसेट पडली नकली. त्या यंत्राने तिला ओळखच दाखवली नाही. मग सुबोध रोज दोन वाजून दहा मिनिटांनी दुकानातून घरी फोन करू लागला. "आये, शेत आहे ना?"

"असा रे. खय जातला?"

समोर गिऱ्हाईक एक डोळा झाकून बसलेलं आणि हा फोन कानाला लावून डोळे मिटून उभा. महिनाभरात चार किलो उतरला. एका रविवारी त्याने "माझ्या लोकांना बघायचंय" अशी थाप मारून काकूंना मळ्यातून दोन तास फिरवलं आणि सगळं चित्रित करून ठेवलं. त्या चित्रणात तो एकदाही बोललेला नाही.

शेवटी बॅटरी बदलायचं ठरलं. जुनी काढताना क्षणभरही वीज तुटता कामा नये. म्हणून बाहेरून दुसऱ्या बॅटरीच्या दोन तारा कॅसेटच्या दोन टोकांना टेकवून धरायच्या, तेवढ्यात जुनी सोडवून नवी डागायची, म्हणजे सोल्डर करायची. जागा इतकी चिंचोळी की चिमटा बसेना. तारा बोटांनीच धरायला हव्यात. डाग द्यायला आमच्या इमारतीतले खंडू शिंगटे. मूळचे साताऱ्याकडचे, ट्रॉम्ब्याला अणुकेंद्रात तीस वर्षं तंत्रज्ञ होते. हात दगडासारखा स्थिर. कॅसेट बघून मात्र म्हणाले, "अणुभट्टीपाशी मी कधी भ्यालो नाही. पण शेवंतीवहिनींचा मळा म्हणजे… गेला तर मला जिन्यात तोंड दाखवायची चोरी."

रविवारी सकाळी अकराला जमलो. खंडूंच्या हातात डागणी, सुबोधच्या दोन्ही हातांत एकेक तार, माझ्याकडे टॉर्च. काकूंना देवळात पाठवायचा बेत होता. त्या चहा घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"आये, तू इथे नको ना!"

"कित्याक? म्हयनोभर रोज फोन करून शेत असा मां इचारतंस. माका काय कळना नाय? माझा शेत, मी बघतलंय."

आता बापाची पाळी. ऐंशी वर्षांचे गुणाजीकाका टोपी घालून तयार. गाऱ्हाणं घातल्याशिवाय परुळेकरांच्या घरात साधा गॅसचा सिलिंडरही बदलत नाहीत. कोकणी माणसाला गाऱ्हाणं सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो: घरातल्या वडीलधाऱ्याने देवापुढे मोठ्या आवाजात मागणं मागायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी हात जोडून "व्हय महाराजा!" म्हणायचं. आईच्या मांडीवर असल्यापासूनची ही सवय.

"बाबा, आधी घाला," सुबोध म्हणाला. "काम सुरू झालं की एक शब्द नको."

काकांनी घातलं. आम्ही हात जोडले, "व्हय महाराजा" केलं. खंडूंनी घड्याळ बघितलं. सुबोधने तारा टेकवल्या. डागणी टेकली. धुराची बारीकशी रेघ वर आली. खोलीत इतकी शांतता की शेजारच्यांचा मिक्सर ऐकू येत होता. सुबोधच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि तोही तिथे घाबरून थांबला. जुनी बॅटरी एका बाजूने सुटली. मग दुसऱ्या बाजूने. आता मळा नुसता सुबोधच्या बोटांवर उभा होता.

"हलू नको," खंडू पुटपुटले. "अर्धा मिनिट."

आणि धूर बघून काकांचा धीर सुटला.

"बा देवा रवळनाथा!" आवाज गिरणीतला, यंत्रांच्या खडखडाटावर चढायला शिकलेला. "ह्या लेकरान जो काय ह्यो घाट घातलेलो असा, त्यात कोणाची वाकडी नजर असात, काय चुकलामाकला असात, तर ता सांभाळून घे, आणि ह्येच्या हाताक यश दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" काकू म्हणाल्या. मीही म्हणालो, टॉर्च छताकडे गेला. आणि शेहेचाळीस वर्षांच्या सवयीने सुबोधचे दोन्ही हात वर आले आणि छातीशी जुळले.

दोन्ही तारा हवेत.

खंडू साताऱ्याचे. त्यांचे हात जागचे हलले नव्हते. ते नुसते सुबोधच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले.

"टेकव!" ते ओरडले. सुबोधने तारा टेकवल्या. किती वेळ गेला? खंडू म्हणाले एक सेकंद, मला वाटलं पाच. नवी बॅटरी बसली, स्क्रू लागले, आणि कॅसेट टेबलावर पडून राहिली. कोणीच तिला हात लावेना.

"राहिलंही असेल," खंडू म्हणाले. "कधी कधी राहतं."

सुबोध भिंतीला टेकून खाली बसला होता. रंग चुन्यासारखा. "नको लावू," तो म्हणाला. "आज नको. उद्या बघू."

मला ते पटलं. जोवर लावत नाही, तोवर मळा आहे. मी तर म्हणालो, दसऱ्यापर्यंत थांबू. काका टोपी काढून हातात चुरगाळत होते, जणू ती कॅसेट त्यांनीच गिळली होती.

काकू उठल्या. पदर खोचला. कॅसेट उचलून सुबोधपुढे धरली. "फुंकर मार."

आपल्या चित्रणांत हा माणूस घसा फोडून सांगतो, 'कॅसेटमध्ये फुंकू नका, थुंकीने गंज चढतो.' त्याने निमूटपणे फुंकर मारली. काकूंनी ती खाचेत बसवली आणि बटण दाबलं.

संगीत वाजलं. खेळ जपून ठेवायचे तीन चौकोन आले. तिन्ही रिकामे.

मिक्सरही थांबला होता. काकू तशाच उभ्या, एक हात टीव्हीवर. मला ते तीन दिवस आठवले, मळा विकल्यानंतरचे. मी तेव्हा पंधराएक वर्षांचा होतो आणि या घरात जायला भ्यायचो.

"आये," सुबोध डोळे पुसत म्हणाला. "माझ्यामुळे. पण चित्रण आहे. सगळं घेऊन ठेवलंय, दोन तासांचं. तू कधीही बघ."

"बघून काय करू?" काकू म्हणाल्या. "फोटोतला गवत काढूक येता?"

"मीच मेलो गप रवलंय नाय," काका म्हणाले.

"तुम्ही गिरणीतय कधी गप रवलास नाय." मग त्या सुबोधकडे वळल्या. "आणि तू रडतंस कित्याक? देवाक हात जोडलंस, चोरी नाय केलंस."

त्या खाली बसल्या आणि पहिला चौकोन उघडला. एम. ए. एल. ओ. ओसाड शेत आलं, दगड, खोडं, गुडघाभर तण.

"तेवाय असोच होतो," त्या म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. त्यांनी एक दगड फोडला, दुसरा फोडला आणि हात थांबवून खंडूंना विचारलं, "भावजी, ही बॅटरी किती वर्सां टिकात?"

"तीस तरी धरा, वहिनी."

काकूंनी हिशोब केला. त्यांना चौऱ्याहत्तर पूर्ण आहेत. "एकशेचार!" त्या हसल्या. "तवसर कोण बसतला?" आणि खेळण्याचं बटणांचं हत्यार त्यांनी सुबोधच्या मांडीवर टाकलं. "घे. ह्यो कोपरो साफ कर. थंयसर फणस होतो, थंय काय पेरू नको."

दोनशे बारा कॅसेटी जमवणाऱ्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा त्या मळ्यात पाऊल टाकलं. पहिल्या खोडावर कुऱ्हाड उचलली, ती जाऊन कुंपणाला लागली.

"शिरा पडो तुझ्या तोंडार, कुंपण मोडलंस!"

हे होऊन चार महिने झाले. तांब परत आली आहे. बॅटरी मोजायची सुबोधला आता गरज नाही, आणि त्याचं वजन भरून यायला हवं होतं. पण ते आणखी उतरलंय. परवा मी चष्म्याचा नंबर तपासायला गेलो होतो. दोन वाजून दहा मिनिटं झाली तसा त्याने मला अर्ध्यावर सोडला आणि घरी फोन लावला. सहा वेळा वाजला. सात. आठ. सुबोधने काउंटरची कड घट्ट धरली. शेताबद्दल तो हल्ली विचारत नाही.

"आये? आहेस ना?"

पलीकडचा आवाज मला खुर्चीवर बसून ऐकू आला.

"आसंय रे मेल्या! पाणी घालतंय, ठेव फोन."