कपाच्या तळाचं बटण

आमचा दादा बस चालवतो. केस काळे होते तेव्हापासून चालवतोय. हॉर्नसुद्धा असा जपून वाजवतो की समोरच्याला वाटावं, हा आपली माफी मागतोय. असा हा माणूस पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी घरी येऊन म्हणाला, मी मातीची भांडी करायला शिकणार आहे. वहिनीला वाटलं, ऊन लागलं असेल. मला वाटलं, कुणीतरी टोपी घालतंय. शेवटी माझंच खरं झालं, पण आग लागो त्या खरं होण्याला.

दादाचं म्हणणं साधं होतं. दिवसभर माणसं पोचवायची, रात्री डेपोत गाडी लावायची आणि रिकाम्या हातांनी घरी यायचं. शिंप्याला आपण शिवलेला सदरा रस्त्यात दिसतो, सुताराला खुर्ची दिसते, मला काय दिसतं? हे तो इतक्या हळू आवाजात म्हणाला की वहिनी गप्प बसली. मग तिला फी कळली आणि ती बोलायची थांबेना.

शिकवणी खासगी होती. शिकवणारे सर पलीकडच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत चाक मांडून बसायचे. मऊ आवाज, मातीने भरलेला अंगरखा आणि ऊठसूट शाब्बास. मी त्यांचं नावच शाब्बास सर ठेवलं. महिन्याच्या फीमध्ये घरातला अर्धा किराणा आला असता. वहिनी म्हणाली, एवढ्या पैशात दुकानातून कपाटभर कप येतील. दादाने निमूट ऐकून घेतलं आणि डेपोत जाऊन जादा ड्युटी मागून आला.

तिथली पद्धत अशी, की चाकावर घडवलेला ओला कप तिथेच फळीवर ठेवून यायचं. मग तो वाळायचा, भट्टीत जायचा, त्यावर रंग चढायचा, पुन्हा भट्टीत जायचा. हातात यायला चांगले तीन-चार आठवडे लागायचे. भट्टी मागच्या अंगणात होती आणि तिकडे शिकणाऱ्यांनी फिरकायचं नाही. ती धूळ फुफ्फुसाला वाईट, असं सर सांगत. दादाला ते पटलं. त्याला सगळंच पटतं.

पहिला कप घरी आला तेव्हा मी तिथेच होते. निळा, गुळगुळीत, कान कसा अगदी जागेवर. वहिनीने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, हा तुम्ही केलात? दादा लाजला. एवढा मोठा बाप्या, दोन लेकींची लग्नं केलेला, आणि लाजला. त्यानंतर कपांची रांगच लागली. डेपोत वाटले, लेकींच्या सासरी गेले, मलाही दोन मिळाले. कुणी कौतुक केलं की दादा स्वतःच्या हातांकडे असा बघायचा, जसे काही ते आजच घरी आलेत.

मग त्याने वहिनीसाठी एक खास कप केला. तिच्या जुन्या स्वेटरचं फुलाच्या नक्षीचं बटण होतं, ते ओल्या मातीत तळाशी दाबून ठसा उमटवला. घरी येऊन सांगूनही टाकलं. पोटात काही ठरत असेल तर शपथ. पण भाजून आलेल्या कपाचा तळ सपाट होता. सर म्हणाले, रंगाचा थर चढला की बारीक ठसे बुजतात. दादा हिरमुसला. वहिनी म्हणाली, असू दे हो, वरून दिसत नसलं तरी खाली आहे ना. आणि रोज सकाळी चहा पिताना ती तळावरून अंगठा फिरवायला लागली.

वर्षभराने सरांनी पुढच्या शिकवणीचं काढलं. फी जवळजवळ दुप्पट. वहिनी पेचात पडली. नाही म्हणवेना, हो म्हणायला मन धजेना. शेवटी मला म्हणाली, तुझी नजर कडक आहे, एकदा जाऊन बघून ये, पैसे वसूल होतायत का ते सांग.

गेले. दादा चाकावर बसला. कप वर आला, एका बाजूला कलला, पुन्हा सावरला. सर म्हणाले, शाब्बास. मला काही तो शाब्बास वाटला नाही, पण म्हटलं, भट्टीत सरळ होत असेल बाई, आपल्याला काय कळतंय.

त्या दिवशी पुढच्या नळाला पाणी नव्हतं. सर फोनवर होते. दादा हात धुवायला मागच्या अंगणात गेला आणि बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून मी बघायला गेले. भिंतीला लागून एक मोठा टब होता. त्यात वाळलेले कच्चे कप ढिगाने टाकलेले, वाकडे, फुगीर, कान लोंबणारे. खालचे पाण्यात विरघळून चिखल झाले होते. दादाच्या हातात टबाच्या कडेला अडकून कोरडा राहिलेला एक कप होता. त्याच्या तळाशी बटणाचं फूल उमटलेलं होतं.

शेजारी फळीवर गुळगुळीत कपांची रांग होती, रंग चढायची वाट बघत. सगळे सरांच्या हातचे. आमच्या दादाचा त्यात फक्त रंग, तोही तक्त्यावर बोट ठेवून निवडलेला.

सर आले. चोरी पकडल्यासारखे तरी दिसावेत, तर तेही नाही. म्हणाले, "अहो, मी सगळ्यांचंच असं करतो. वाकडा कप घरी नेला तर घरचे पुढच्या महिन्याची फी देतात का? तुम्ही इथे दोन घटका आनंदात असता, तो आनंद मी टिकवला."

मग मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादाने मला थांबवलं नाही, साथही दिली नाही. त्याने एवढंच विचारलं, की या टबातल्या मातीचं पुढे काय होतं? सर म्हणाले, भिजवून, मळून परत वापरायला देतो. दादाने विचारलं, आम्हालाच? सर म्हणाले, हो, तुम्हालाच.

घरी वहिनी वाट बघत होती. मी काय सांगते ते ऐकायच्या आधीच तिने फीचे पैसे काढून टेबलावर ठेवले होते. शेजारी तिचा निळा कप, चहाने भरलेला. दादाने कच्चा कप तिच्यापुढे उलटा ठेवला. तिने त्यावरचं फूल पाहिलं, चहा मोरीत ओतला आणि आपल्या कपाचा तळ दिव्याखाली धरून पाहिला.

"मी रोज हात फिरवत होते हो," ती म्हणाली.

मी म्हटलं, त्या माणसाला डेपोतल्या चार जणांसमोर उभं करू, सगळे पैसे ओकायला लावू. वहिनी म्हणाली, वाकडा का असेना, मला हाच हवा. दादाने आमचं दोघींचं ऐकून घेतलं.

"वाकड्याचं मला काही वाटत नाही गं," तो मला म्हणाला. "पण वर्षभरात एखादा तरी बरा झाला असेल ना? तोही त्याने भिजवला. मला जमत होतं की नाही, हे आता कसं कळणार?"