ढब्बूचं स्पेलिंग

हसायचं तर खुशाल हसा, पण माझी फजिती आधी पुरती ऐकून घ्या.

माझी नोकरी फिरतीची, शहाड ते ठाणे. सगळं ऑफिस मोबाइलमध्ये, म्हणून फायली कुलूपवाल्या अ‍ॅपमध्ये ठेवतो आणि भेटेल त्याला त्यावर ज्ञान पाजळतो. आईच्या मोतीबिंदूसाठी तिला मोहन्याहून ठाण्याला घेऊन गेलेलो, तेव्हा तिने कागदांची पिशवी उचलली. मीच अडवलं.

"अगं, ठेव ती. सगळं फोनमध्ये आहे."

दवाखान्यात रिसेप्शनवरची बाई म्हणाली, "ऑपरेशनच्या तारखेसाठी हृदयाचा रिपोर्ट दाखवा. डॉक्टर आता निघतील, आज राहिलं तर पुढची तारीख महिन्याने."

आईला नातीचा चेहराही धड दिसत नव्हता हो. आणखी महिना कसा काढणार?

मी ऐटीत फोन काढला आणि परवाच बदललेला पासवर्ड विसरलो. अ‍ॅपने विचारलं, लहानपणी घरी तुम्हाला काय म्हणायचे? उत्तर माहीत होतं, पण इंग्रजीत कसं लिहिलेलं देव जाणे. दोनदा चुकलो. आता एकच संधी, नाहीतर सगळ्या फायली पुसणार. याच सोयीचं मी गावभर कौतुक केलेलं.

"काय विचारतंय रे?" आईने विचारलं.

मी तिच्या कानात पुटपुटलो, "ढब्बूचं स्पेलिंग."

आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे जगालाच कमी ऐकू येतं असं तिला वाटतं. "ढब्बू होय? मग लिही की ढब्बू!"

सगळी बाकं माझ्याकडे वळली. समोरच्या आजोबांनी विचारलं, "दोन बी घातलेत का?"

"बाबा, शेवटी यू की डबल ओ ते विचारा," त्यांची मुलगी म्हणाली.

अख्ख्या दवाखान्याने चर्चा करून दोन बी आणि एक यू ठरवला. तसंच टाकलं. उघडलं. गुरुवारची तारीख मिळाली.

बाहेर आल्यावर मी कुरकुरलो, "हळू बोलायचं ना, आई."

"आठवीत तू बजावलंस, त्या नावाने हाक मारू नको. तेव्हापासून मनातच म्हणत होते रे. आज मोठ्याने म्हणायला मिळालं."

मला भरून आलं.

ऑपरेशननंतर पट्टी निघाली. मी पुढे झालो. "कोण दिसतंय, आई?"

तिने मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"माझा ढब्बू," ती म्हणाली. "पण किती सुटलायस रे. अंधुक दिसत होतास तेच बरं होतं."