शनवाऱ्यातले दोन भाव

महायुद्धाच्या काळातला तो खटला अजून माझ्या मनातून गेलेला नाही. मी तेव्हा बुऱ्हाणपुरात ठाणेदार होतो. रॉकेलचा भाव सरकारने बांधून दिला होता आणि त्याची पाटी दुकानाबाहेर लावणे सक्तीचे होते.

एका सकाळी जवळच्या जसोंडी गावची एक शेतकरीण ठाण्यात आली. घरी लेक बाळंतपणाला आलेली. शहरातल्या शनवारा पेठेतल्या दुकानदाराने तिला रॉकेलचा दुप्पट भाव लावला, म्हणून अर्धीच बाटली तेल मिळाले. तिच्यासमोरच एका कारकुनाला मात्र त्याने पाटीच्या भावाने तेल दिले होते.

तक्रार कोणाची ते न सांगता मी दुकानदाराला बोलावले. सगळ्यांना एकच भाव लावतो, असे तो शांतपणे म्हणाला. जसोंडीत चौकशी केली, तर एकही बाई जबाब द्यायला तयार होईना. उद्या त्याने तेलच बंद केले तर जायचे कुठे, ही भीती. नुसत्या तोंडी तक्रारीवर खटला टिकत नाही. मी तहसीलदारांना भेटलो. याचा परवाना गेल्यास गावाचे तेल दुसऱ्या दुकानातून मिळेल, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतले आणि शेतकरणीला सांगितले.

"मंग मी जाते, साहेब," ती म्हणाली. "तुमी फक्त ऐका."

आम्ही सापळा लावला. आमच्या हवालदाराची बायको आणि ती सारख्याच बाटल्या घेऊन पाठोपाठ दुकानात गेल्या. पंचांना घेऊन मी शेजारच्या पानाच्या दुकानाशी उभा होतो. हवालदाराच्या बायकोला पाटीच्या भावाने तेल मिळाले. शेतकरणीला पुन्हा दुप्पट.

"मले जास्त काहून?"

"गाववाल्यांचा भाव अलग आहे."

तिने पैसे दिले, बाटली हातात घेतली आणि मी आत शिरलो. पंचनामा तिथेच झाला.

ठाण्यात दुकानदाराला समोर बसवले. गावच्यांनाच जास्त भाव का, एवढेच मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. अखेर तो म्हणाला, "शहरवाले अर्ज करतात, साहेब. गाववाले घरी निघून जातात."

कोर्टात त्याच्या वकिलाने तिला विचारले, आधीही जास्त पैसे राजीखुशीनेच दिले ना? ती म्हणाली, "लेक अंधारात बाळंत झाली असती. माह्या राजीखुशीले कोन पुसत होतं?"

दुकानदाराला शिक्षा झाली, परवाना गेला. लुटणारा माणूस गरिबी पाहत नाही, कोण उलटून विचारणार नाही ते पाहतो, हे मी त्या खटल्यात शिकलो.

निकालानंतर जसोंडीच्या बाकीच्या बायका ठाण्यात आल्या. आता आमचेही लिहून घ्या, म्हणाल्या. खटला संपला होता. तरी मी मुन्शीला बसवले आणि एकेकीचा जबाब लिहून घेतला.