मतलईच्या भरवशावर

हमदुल्ला हुर्जुक खुर्चीत बसला की त्याचा उजवा पाय हलायला लागतो. जेवताना हलतो, फोनवर बोलताना हलतो, मशिदीत खुतबा ऐकतानाही हलतो. हमरिया फ्री झोनमधल्या एका गोदामाचा डिस्पॅच तो वीसहून अधिक वर्षं सांभाळतोय. तिथे त्याला खुर्ची आहे, पण तिच्यावर बहुतेक वेळ त्याचं हेल्मेटच बसलेलं असतं. दिवसभर मागे येणाऱ्या ट्रेलरांचं टीं-टीं, फोर्कलिफ्टचे भोंगे, ड्रायव्हरांचं ‘यल्ला, यल्ला’. संध्याकाळी शारजात नहदाला घरी परततानाही तासभर गाड्यांच्याच रांगेत.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा त्याने ते दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. माल निघायचा होता. शेवटी वॉचमनने त्याला रॅम्पवर बसलेलं पाहिलं. हमदुल्ला बसलाय म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय, एवढं ओळखून त्याने अँब्युलन्स बोलावली.

स्टेंट बसला. मग सक्तीची रजा. या रजेबद्दल त्याची बायको मैमुनाबी अजून तक्रारीच्या सुरात बोलते. त्याने सोफा तीनदा हलवला. सगळ्यांच्या चपला आकाराप्रमाणे लावल्या. मसाल्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या डकवायला लागला, तेव्हा तिने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

“हे माझं किचन आहे. तुमचं वेअरहाउस नाही.”

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मॉलमध्ये तो दोन फेऱ्या मारून बाहेर आला. काचेच्या पेटीत फिरणं त्याला जमेना.

त्याच सुमाराला कंपनीतला एक जर्मन इंजिनिअर मुदत संपवून मायदेशी निघाला होता. त्याने आपली जाड टायरची, खडीवर चालणारी सायकल हमदुल्लाला देऊन टाकली आणि फोनवर आपल्या गावाकडचे फोटो दाखवले. जर्मनीच्या उत्तरेचा सपाट मुलूख. दोन चरांच्या मधून सरळ गेलेली खडीची वाट, कडेला गाई, वर ढग. हमदुल्ला फोटो मोठा करून करून बघत होता.

“गाड्या कुठे आहेत?” त्याने विचारलं.

“नाहीतच,” इंजिनिअर म्हणाला. “आणि चढही नाही. आमच्याकडे वारा हाच डोंगर.”

हमदुल्लाचं गाव बाणकोटच्या खाडीकाठी. तिथे सपाट असं काही नाही. सायकल ढकलत वर न्यायची आणि ब्रेक दाबत खाली आणायची. सपाट वाटेवर सायकलची खरी मेहनत त्याला शारजातच कळली. उतार नाही, म्हणजे फुकटची विश्रांतीही नाही. पाय सतत फिरत ठेवावे लागतात. त्याला हेच हवं होतं.

मैमुनाबीने परवानगी दिली, पण एका अटीवर. घड्याळ छातीचे ठोके मोजेल, डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या पुढे जायचं नाही. आणि ज्या दिवशी तुम्हाला आणायला फहदला गाडी काढावी लागेल, त्या दिवशी सायकल खलास. फहद त्यांचा मुलगा, दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी करतो, शनिवारी दुपारपर्यंत झोपतो.

“डन?” तिने विचारलं.

“डन,” हमदुल्ला म्हणाला. पाय हलतच होता.

शहरातले सायकलवाले किनाऱ्याकडून निघतात आणि वाळवंटाकडे जातात. हमदुल्ला उलटं करतो. शनिवारी पहाटे सायकल गाडीत टाकून तो आत, मलीहाच्या बाजूला जातो, उंटांच्या गोठ्याजवळ गाडी लावतो आणि तिथून किनाऱ्याच्या दिशेने सायकल हाणतो. लोक हसले तरी त्याचा हिशेब पक्का आहे. त्याचे वडील शिडाचा मचवा चालवायचे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारी मतलई घेऊन बाहेर पडायचं, दुपारी समुद्रावरून खारं वारं सुटलं की त्याच्यावर परत यायचं. इथल्या किनाऱ्यावरही हिवाळ्यात वारा तसाच फिरतो. मग मचव्याने जायचं तसंच सायकलने जायचं. जाताना वारा पाठीवर, येतानाही पाठीवर.

“अब्बा, यू आर नॉट अ बोट,” फहद म्हणाला होता.

“बोट बरी. ती उलटून बोलत नाही.”

वाट कुंपणालगतची, बारीक खडीची. एका ठिकाणी उंटांसाठी हमरस्त्याखालून काढलेला बोगदा लागतो, तेवढाच काय तो गाड्यांशी संबंध, तोही डोक्यावरून. पुढे पुन्हा सपाट जमीन. परत फिरायची जागाही ठरलेली. पुढच्या मोठ्या रस्त्यावरच्या लॉरीचा पहिला आवाज कानावर आला की थांबायचं. तिथल्या घाफच्या झाडाखाली खजूर आणि थर्मासमधला चहा घ्यायचा आणि वारा फिरायची वाट बघायची. सगळ्या सहलीत हा भाग त्याला सर्वांत अवघड. झाडाभोवती त्याच्या पावलांची गोल वाट पडली आहे.

दोन हिवाळे हे बिनचूक चाललं.

या जानेवारीतल्या एका शनिवारी वारा पहाटेपासूनच जोरात होता, आणि कोमट होता. मतलई थंड असते. हमदुल्लाला हे लहानपणापासून ठाऊक आहे. कोमटपणा त्याच्या लक्षातही आला. पण सायकल अशी पळत होती की पाय नुसते ठेवले तरी पुरे. पाठीवरचा वारा कोण तपासतो? लॉरीचा आवाजही त्याला आला नाही. वारा तो आवाज त्याच्यापासून दूर, पुढेच ढकलत होता. लॉऱ्या डोळ्यांना दिसल्या तेव्हा कळलं की आपण घाफ मागे टाकून बरेच पुढे आलोय.

तिथेच तो थांबला. चहा संपला. दुपारची, जुहरची नमाज पढून झाली. वारा फिरला नाही. उलट धूळ उडवत आणखी जोर धरू लागला. वादळ येण्याआधी आतल्या बाजूने दिवसभर असा वारा सुटतो, तो संध्याकाळीही पलटत नाही. हा तोच होता. मचवा असता तर वडिलांनी नांगर टाकला असता आणि आडवे होऊन बिडी ओढली असती. हमदुल्ला सायकलवर चढला.

वारा समोरून तोंडावर बसत होता. थोड्याच अंतरात घड्याळ वाजलं. तो उतरला, श्वास घेतला, पुन्हा चढला. पुन्हा वाजलं. मग तो सायकल ढकलत चालू लागला, तरी आकडा उतरेना. घड्याळ काढून खिशात टाकलं तर ते वाजलेलं ऐकू येणार नाही, हा विचार मनात येऊन गेला. त्याने पट्टा सोडलाही. डाव्या खांद्याखाली काहीतरी ओढल्यासारखं होत होतं. ते हँडल घट्ट धरल्यामुळे असेल, नसेलही.

गोठ्याजवळ लावलेली गाडी अजून फार लांब होती. सायकल जाणार हे दिसत होतं. पुढच्या शनिवारी आपण नहदाच्या फ्लॅटमध्ये बरण्यांसमोर उभे आहोत, हेही दिसत होतं.

त्याने पट्टा पुन्हा बांधला आणि फोन लावला. फहदला नाही, मैमुनाबीला.

“काय झालं?”

“वारा फिरला नाही.”

“ठोके किती?”

“एकशे बावन्न. उतरत नाहीत. खांद्याखाली थोडं ओढतंय.”

मग तिचा आवाज आला, त्याच्यासाठी नव्हे. “फहद! ऊठ! चावी घे!” आणि पुन्हा फोनवर, “बसा. ऐकताय? चालू नका. खाली बसा.”

तो सायकलच्या आडोशाला खडीवर बसला. फहदची गाडी येईपर्यंत बसून राहिला.

फहदने आधी त्याला हॉस्पिटलला नेलं. कार्डिओग्राम, रक्त, तीन तास देखरेख. स्नायू ओढला गेला होता, हृदय ठीक होतं. डॉक्टर म्हणाले, थांबलात हे बरं केलंत. यावर मैमुनाबी डॉक्टरांना म्हणाली, “त्यांनी सांगितलं, हे बरं केलं. थांबायचं तर त्यांना माहीतच नाही.”

घरी परत जाताना सायकल मागच्या सीटवर हमदुल्लाच्या शेजारी कोंबलेली होती आणि तिचं पुढचं चाक काढून पुढे मैमुनाबीच्या पायाशी ठेवलं होतं.

“आय थिंक, टेक्निकली, ही कॉल्ड यू, नॉट मी,” फहद म्हणाला.

“तू गाडी चालव.”

“डन म्हणजे डन,” हमदुल्ला म्हणाला. “कुणाला द्यायची ते बघा.”

मैमुनाबीने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा पाय समोरच्या सीटला लागून थडथडत होता. तिच्या पाठीला ते मघापासून जाणवत होतं.

“आणि शनिवारी तुम्ही घरात काय करणार?”

हमदुल्लाने गुडघा हाताने दाबून धरला.

“तेव्हा, त्या रॅम्पच्या वेळी तुम्ही मला सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. “दोन दिवस. आज सांगितलंत. म्हणून सायकल राहील. पण एकटं जायचं नाही.”

“दोघं गेले की बोलत बसतात लोक. मग त्यात आणि गोदामात फरक काय?”

“मग जाऊ नका.”

तो खिडकीबाहेर बघू लागला. रस्त्यावर गाड्यांच्या तीन रांगा होत्या, सगळ्या सरकत होत्या. ती खडीची वाट रिकामी होती म्हणूनच त्याला हवीशी होती. आता तिच्यावर आणखी एक माणूस येणार होता.

“कोण येईल?” शेवटी त्याने विचारलं.

आरशात फहदचे डोळे वर आले. “नो. नो वे. अम्मी, सॅटर्डे इज माय ओन्ली स्लीप.”

“इन्शाल्ला झोपशील रविवारी.”

“माझ्याकडे सायकलपण नाही!”

“भाड्याने मिळते,” हमदुल्ला म्हणाला. चीड गेलेली नव्हती, पण डोकं कामाला लागलं होतं. “पहाटे चारला निघायचं. परत कधी फिरायचं ते वारा ठरवेल.”

“आय ॲम नॉट वेटिंग फॉर एनी विंड.”

“मग उलट्या वाऱ्यात चालवशील. आणि एक, वाटेत बोलायचं नाही.”

“हू वॉन्ट्स टु टॉक टु यू?”

“गुड,” हमदुल्ला म्हणाला. “मग जमेल.”