जिभेखालची गोळी

डोमाजीकाकांच्या जिभेखाली छातीदुखीची गोळी होती, तेव्हाच मी विचारलं, “काका, कसं वाटून राह्यलं?” काका पांढुर्ण्याच्या मंडीत चाळीस वर्षं संत्र्यांचा हर्रास, म्हणजे लिलाव, बोलतात, विचारल्यावर गप्प राहणं त्यांना ठाऊकच नाही. त्यांनी तोंड उघडलं आणि गोळी समोरच्या संत्र्यांच्या ढिगात गडप झाली. डबीत एकच उरली होती.

सून दिपालीने ती जिभेखाली ठेवली. “मामाजी, आता बोललात तर माझी आन हाय!” आणि ती दवाखान्यासाठी गाडी पाहायला धावली.

गोळीतून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि आवळलेल्या नसांना ‘सैल व्हा’ असा निरोप देतो, हे सौसरच्या शाळेत मीच शिकवतो. पण निरोप पोचायला वेळ लागतो. काकांच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे. तेवढ्यात पलीकडे कोणीतरी चुकीची बोली पुकारली. ती दुरुस्त करायला काकांचा गळा फुगला. मी झटकन तळहात त्यांच्या तोंडावर दाबला आणि देवाचं नाव घेत बसलो.

चार-पाच मिनिटांनी त्यांचा श्वास सैल झाला. गाडीही आली. मी हात काढला.

“काका, चुकलं माझं. पुढच्या वेळी मी काय करू?”

“पुढच्या टायमाले तू सौसरलेच राहजो.”