काळ्या पडद्यावरचे आकडे

माझं पोट अक्षरांच्या आकारावर चालतं. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत, मोबाइलच्या पडद्यावर अक्षर केवढं असावं आणि त्यामागचा रंग किती फिका असावा, यावर मी दिवसभर लोकांशी वाद घालतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी कीव येणार नाही.

माझे वडील, अप्पा, शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला एकटेच राहतात. मूळचे निपाणीकडचे, उभा जन्म इथल्या कारखान्यात लेथवर गेला. मनगटावर कायम जाड रबरी पट्ट्याचं डिजिटल घड्याळ. तेल, पाणी, आपटणं, सगळं त्यानं सोसलं होतं. राखाडी काचेवर ठसठशीत काळे आकडे, बाकी काही नाही. अप्पांना काचबिंदू झाला तेव्हा त्या घड्याळाच्या मागे नवं काम लागलं. सकाळ-संध्याकाळ दोन औषधांचे थेंब घालायचे आणि मध्ये दहा मिनिटं सोडायची. लगेच दुसरं घातलं तर पहिलं धुऊन जातं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. अप्पा पहिला थेंब घालून डोळे मिटून बसत आणि मग मनगट वर करून मिनिटं बघत.

त्या घड्याळाचा पट्टा तुटला, काचही धुरकट झाली होती. मी नवं आणायला इथल्याच शिवाजीनगरच्या बाजारात गेलो. काळ्या पडद्यावर फिकट आकडे असलेलं एक घड्याळ मला फार आवडलं. होकायंत्र, उंची, तापमान, तीन ओळींत सगळं कोंबलेलं. वडिलांसाठी हवंय म्हटल्यावर कानडी दुकानदार म्हणाला, "अण्णा, वयस्कर माणसाला हे नको. स्वल्प साधं, मोठ्या आकड्यांचं घ्या." दुकानदार मला आकड्यांबद्दल शिकवतोय, याचं मला हसू आलं. दुकानातल्या लख्ख दिव्यांखाली ते काय रुबाबदार दिसत होतं. अप्पांनी घरी ते मनगटावर चढवलं, हात लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "सरी, ठीक. छान आहे."

सहा महिन्यांनी डोळे तपासायला मी त्यांना दवाखान्यात नेलं. बाहेर बाकावर बसल्या बसल्या सहज विचारलं, "अप्पा, किती वाजले?"

त्यांनी मनगट नाकापाशी नेलं, ट्यूबलाइटकडे वळवलं, एक बटण दाबलं, मग दुसरं.

"साडेदहा झाले असतील."

हा माणूस वेळ सांगताना कधी 'असतील' म्हणाला नव्हता. दहा सत्तावीस म्हणजे दहा सत्तावीस. मी फोन काढून पाहिला तर सव्वाअकरा होऊन गेले होते.

"दिसत नाही का यातलं?"

"माझे डोळेच तसे झालेत."

"मग थेंब कसे घालता?"

"घालतो की. अंदाजानं."

मी त्यांचा हात धरून घड्याळ माझ्याकडे वळवलं. माझे डोळे धडधाकट, तरी ते करडे बारीक आकडे दिसायला मला दोनदा त्यांचं मनगट तिरकं करावं लागलं. मी चिडून विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

"तू एवढ्या हौसेनं आणलंस."

तेवढ्यात आत बोलावलं. तपासणी बराच वेळ चालली. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की डोळ्यांतला दाब फार वाढलाय, उजव्या डोळ्याची नजर बरीचशी गेली आहे आणि गेलेली परत येत नाही. त्यांनी अप्पांना विचारलं, "दोन औषधांमध्ये दहा मिनिटं सोडता ना?"

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. त्याआधीच अप्पा म्हणाले, "नाही मॅडम, मीच आळस करतो. दोन्ही एकदम घालून मोकळा होतो."

बाई त्यांना रागावल्या. एवढे शिकलेसवरलेले आहात, मुलगा इतकी काळजी घेतो, असं बरंच काही बोलल्या. अप्पा मान खाली घालून ऐकत राहिले आणि मी शेजारच्या खुर्चीत मूग गिळून बसलो.