टीव्हीत दादा दिसणार होते

आमच्या घरच्या टीव्हीला मार खायची सवय लागली होती. चित्र आवळत जाऊन पडद्याच्या मधोमध नुसती आडवी पांढरी रेघ उरायची, आवाज मात्र खणखणीत. मग माय उठायची, बाजूच्या फळीवर एक सणसणीत चापट द्यायची आणि चित्र पुन्हा उघडायचं. माझं आष्टीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि घरात हा असा, मार खाल्ल्याबिगर न हलणाऱ्या बैलासारखा टीव्ही! शेजारच्या बाया मला चिडवायच्या, "तुझ्यापरीस तुझी मायच चांगली मिस्त्री हाय रे." मीही म्हणायचो, मग तिलाच बसवा दुकानात.

ते दुष्काळाचं साल होतं. विहिरीत गाळ उरला, कडबा संपला, तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, बैलं आणि म्हशी घेऊन कडा गावाकडं, साखर कारखान्याच्या माळावरच्या चारा छावणीत गेले. सोबत आबा, त्यांचे थोरले भाऊ. जनावरांना उसाचे वाढे मिळायचे, पाणी मिळायचं, पण जनावरापाशी घरचं माणूस राहायलाच पाहिजे. म्हणून ही दोघं तिथं ताडपत्रीखाली, आणि माय इकडं गावात. घरात अंथरुणाला खिळलेली आजी, आणि टँकरचा काही नेम नाही. टँकर आला आणि दारात माणूस नसलं की हंडे कोरडेच. मायला अर्धा दिवससुद्धा घर सोडता यायचं नाही.

मधेच दादांना छावणीत ताप भरला. मी घरची भाकरी घेऊन जाऊन भेटून आलो आणि सांगितलं, बरे हायत.

"बरे हायत, तर भाकरी कावून माघारी आली?" मायनं फडकं सोडून माझ्यापुढं धरलं. "तू असंच सांगणार. तुमी समदे गडी असंच सांगता. मला एकदा माझ्या डोळ्यानं बघू दे, मग माझा जीव खाली पडंल."

"मग काय छावणी उचलून आणू का दारात?" मी खेकसलो. ती फडकं झटकून घडी घालत बसली.

आणि छावणी खरंच दारात यायची वेळ आली. दूध संस्थेचा टेम्पोवाला छावणीतून दूध घ्यायचा. एका दुपारी तो दारात थांबून ओरडला, "वहिनी, काल टीव्हीवाले आलते. तुमच्या मालकापाशी लई वेळ थांबलेते. आज सातच्या बातम्यांत दाखवणार हायत!"

मायनं तोंड धुतलं, वेणी घातली, ठेवणीतलं लुगडं नेसली. टीव्हीत दादा दिसणार, तर नटायचं हिनं! मी हसलो, तर म्हणाली, "हसतो काय मेल्या, चालू करून बघ आधी."

लाइट आली तशी टीव्ही लावला. रेघ. मायनं चापट मारली, रेघच. तिनं दुसऱ्या बाजूनं मारली, मग वरून मारली. "आता गं बया!" म्हणून ती मटकन खालीच बसली. दुकान त्या दिवशी बंद होतं, म्हणून मी घरी होतो, आणि पिशवीत सामान होतं. एवढंच नशीब.

मी भिंतीतली पिन काढली आणि हात बांधून बसलो. आता मायला कळेना, हा बसला कावून! पण पिन काढली म्हणजे टीव्ही मेला, असं नसतं. पिक्चर ट्यूबच्या टोपीपाशी करंट दबा धरून बसलेला असतो, आत वीज साठवणारे मोठे कपॅसिटर असतात, तेही भरलेले. माझ्या उस्तादांनी मला पहिल्यांदा दुरुस्ती नाही शिकवली, थांबायला शिकवलं. मग मागचं झाकण काढलं. टोपीच्या वाटेला गेलोच नाही. बल्बच्या होल्डरला जोडलेल्या दोन वायरी मोठ्या कपॅसिटरला लावल्या, तेव्हा बल्ब मिणमिणला आणि विझला. मग मीटर लावून खात्री करायला घेतली.

"झालं न्हवं? घाल की हात आता."

"माय, मला मारायचंय का तुला?"

"वंगाळ बोलू नको!" ती एवढी दचकली की उठून माझ्यामागं कोरडी काठी घेऊन उभी राहिली. मला करंट चिकटला तर हात लावायचा न्हाई, काठीनं ढकलायचं, हे मीच तिला शिकवून ठेवलं होतं. पिन तर भिंतीतून बाहेर होती, पण तिला सांगून उपयोग नव्हता.

मीटरनं शून्य दाखवलं, मग भिंग धरलं, तर सापडलं. आतल्या सर्किटवरच्या एका बारीक पिनेभोवतीच्या सोल्डरला गोल चीर गेली होती. चापट बसली की पिन टेकायची, तापली की सुटायची, आणि इतक्या चापटांनी आता पार ढिली झाली होती. जुनं सोल्डर गरम करून काढून टाकलं, पिन खरवडली, राळ लावली आणि नवा थेंब सोडला. तो चकचकीत बसला. शेजारच्या दोन पिनाही करून टाकल्या. झाकण लावलं, स्क्रू आवळले, आणि मगच भिंतीत पिन घातली.

चित्र पडदाभर उघडलं. मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानापाशी बोटं मोडली. तिच्या तोंडावरचं ते हसू मला अजून पुन्हा बघावंसं वाटतं. आता घरात माय-दादा दोघंही नाहीत, आणि असं कधी कधी फार वाटतं.

सात वाजले. माय पडद्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसली. दोन-तीन बातम्या गेल्या आणि माळ दिसला, ताडपत्र्या दिसल्या, आमचा बैल दिसला. "आपला ढवळ्या!" मी ओरडलो.

आणि पडदाभर आबांचं तोंड आलं.

लग्न होऊन आल्यापासून माय आबांसमोर कधी उघड्या तोंडानं बसली नव्हती. थोरले दीर ते. त्यांची चाहूल लागली की पदर पुढं, तोंड भिंतीकडं. तिनं तेच केलं. विचार करायला वेळच कुठं होता? आबा दिसले आणि झटक्यात पदर ओढून तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"माय, ते टीव्हीत हायत! बघ, बघ, दादा!"

दादा आले होते. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. त्यांनी मान वर करून सरळ आमच्याकडं बघितलं. मायनं पदर सावरून वळायच्या आत पडद्यावर दुसऱ्याच कुठल्या गावाची बातमी लागली होती.

"गेले?"

"गेले."

"कसे होते?"

"बरे होते, माय."

तिनं माझ्याकडं बघितलं, पण भाकरीचं काही काढलं नाही. बातम्या संपल्या, हवामान झालं, तरी ती जागची हलली नाही. परत दाखवत्यात का, म्हणून एकदा विचारलं. मी न्हाई म्हटलं.

"इकडं बघितलं का त्यायनी?"

"हो. सरळ बघितलं."

ती खुळी नव्हती. टीव्हीतलं माणूस आपल्याला बघत नसतं, हे तिला ठाऊक होतं. तरी हळूच म्हणाली, "आणि मी तिकडं तोंड करून बसले होते. काय वाटलं असंल रे त्यायला?"